दोघे हात मिळवतात

गेममध्ये ड्रॅगन उडवणं सोपं. खरा ड्रॅगन कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे पंख चुकला अशी तक्रार येत नाही. पण पटकथेत ‘दोघे हात मिळवतात’ एवढी ओळ आली, की घरी फोन करून सांगावं लागतं, जेवायला थांबू नका.

माणसाच्या अंगात हाडं 206. युनिटी या गेम इंजिनचा ‘ह्युमनॉइड’ सांगाडा 15 हाडांवरही भागवून घेतो. अट इतकी उदार, की आपण गाफील राहतो. मग कळतं, मिक्सामो या तयार पात्रांच्या साइटवरून आलेल्या पात्राच्या प्रत्येक हाडाला ‘मिक्सामोरिग’ असं घराण्याचं नाव चिकटलेलं आहे. आपण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या पात्राला नाही. हाडाला हाड जोडून देईपर्यंत दोघे एकमेकांच्या चालीला ओळख देत नाहीत. शिवाय ब्लेंडरच्या मते वरची दिशा झेड, युनिटीच्या मते वाय. या मतभेदापायी नायकाचं रंगमंचावरचं पहिलं आगमन बऱ्याचदा आडवं होतं.

कातडीचा प्रत्येक बिंदू साधारणपणे चार हाडांचं ऐकतो आणि त्या चौघांच्या वजनाची बेरीज 1 लागते. काखेतला बिंदू मात्र स्वभावानेच दुटप्पी. हात पुढे केला, की बरगडीही सौजन्याने पुढे येते. मनगट वळवलं, तर ते गोळीच्या कागदासारखं पिळून बारीक होतं. धंद्यात या दोषाला ‘कँडी रॅपर’च म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कोपराखाली आणखी हाडं घालायची. म्हणजे हाडं पुन्हा वाढली.

इथवर फक्त एक माणूस झाला. दुसऱ्याची हालचाल वेगळ्या फाइलीत असते. दोघांनी ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात, एकाच फ्रेमला सुरुवात करायची. एक चालत आलेला असतो, दुसरा उभा. पहिला थांबेतो दुसऱ्याने हवेत हात हलवून घेतलेला असतो. दोघांना ओढून जागेवर आणावं, तर पाय न उचलता फरशीवरून घसरतात. एवढं जुळलं, की डिझायनर खेळाडूला पात्राची उंची बदलायची सोय देतो. मग आयके, म्हणजे इन्व्हर्स किनेमॅटिक्स, लावायचं: तळहात आधी ठरवायचा, कोपर आणि खांदा मागून जुळवून घेतात. बुटक्याचा हात पुरला नाही, तर तो काठीसारखा ताठ होतो.

परवाच्या बैठकीत विचारणा झाली, हात मिळवण्याऐवजी मिठीच मारली तर?

वाचकहो, गेममध्ये दोन माणसं हात मिळवताना दिसली, तर कृपा करून स्किप दाबू नका.