हौद्यावर टप चढवला की साहेब!

काय सांगता, डॅलसच्या भाच्याने एफ-१५० घेतली? ती फोर्डची, मागे उघडा हौदा असलेली? आणि हौद्यातून नेतो काय म्हणे? लॅपटॉपची बॅग, आणि शनिवारी दुधाचे दोन कॅन! इकडे बंगळूरला मल्लेश्वरमच्या आजींना फोटो दाखवला, तर त्यांचा जीव खालीवर. "अरे, नोकरी गेली का त्याची? टेम्पो का चालवतोय?" आता आजींना कोण समजावणार, की त्या देशात टेम्पो घ्यायला नोकरी जावी लागत नाही, चांगली घसघशीत असावी लागते! फोर्डची एफ मालिका तिथे १९७७ पासून ट्रकांमध्ये पहिली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून मोटारींनाही मागे टाकून सगळ्यांतच पहिली. २०१८ मध्ये तर फोर्डने जाहीरच केलं, की मस्टँगसारखा अपवाद सोडला तर अमेरिकेत साध्या मोटारी विकणं आम्ही बंद करत आणतोय. ज्या कंपनीने मॉडेल टी काढून सामान्य माणसाच्या दारात मोटार उभी केली, तिनेच मोटारीला नारळ दिला. आहे की नाही कलियुग?

बरं, या वेडाच्या मुळाशी काय असावं? घोडे, काऊबॉय, टेक्सासची माळरानं? छे हो, कोंबडी! साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपच्या बाजारात इतकी माजली, की तिकडच्यांनी तिच्यावर जकात चढवली. अमेरिकेला ते झोंबलं. अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये उट्टं काढलं: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के जकात. पुढे स्टार्च सुटला, ब्रँडीही सुटली, ट्रक मात्र अडकला तो अजून अडकलेलाच. बाहेरचा स्पर्धक दाराशी येत नाही म्हटल्यावर घरच्या कंपन्यांनी सगळी हौस त्या ट्रकांवर भागवून घेतली. भरीस भर, सत्तरच्या दशकात इंधनबचतीचे नियम आले तेव्हा छडी मोटारींना आणि सवलत 'कामाच्या' गाड्यांना. मालासकट सहा हजार पौंडांच्या वर भरणारी गाडी धंद्यासाठी दाखवली, तर आयकरातही भरघोस वजावट. मग दातांचा डॉक्टर ट्रक घेणार नाही तर काय करणार? त्याने त्या ट्रकने ओढायचं काय, दाढा?

हसलात? हसा, हसा. आणि हसून झालं की जरा आपल्या बंगळूरच्या बेसमेंटमध्ये चला.

आपल्याकडेही हौदा आलाय बरं! २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, आणि मार्च २०२२ च्या शेवटी टोयोटाने हायलक्सची किंमत फोडली: ३३ लाख ९९ हजारांपासून पुढे. लांबी सव्वापाच मीटरच्या वर. आता व्हाइटफील्डकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं फाटक डोळ्यांपुढे आणा. गाडीला झेंडूचा हार, चाकाला लिंबाचे शिंतोडे अजून ओले, शेजारी बायको पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. आणि वॉचमन शिट्टी फुंकत आडवा हात करतो, "गूड्स गाडी हिंदे गेट, सार!" सामानाच्या गाड्या मागच्या फाटकाने. चौतीस लाख एका शिट्टीत मातीमोल! बरं, मागच्या फाटकाने का होईना आत गेली, तर खणात मावेना. नाक वीतभर बाहेर. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप: "बी ब्लॉकसमोरचा टेम्पो कोणाचा?" मालकांचं उत्तर: "टेम्पो नाही, लाइफस्टाइल व्हेईकल." त्यावर चौदा जणांचे अंगठे, आणि ते सेक्रेटरींच्या निरोपाला.

म्हणून बाकीची मंडळी हुशार. तीही टेम्पोच घेतात, फक्त टप चढवलेला. फॉर्च्युनरच्या पोटाखाली वाकून पाहिलंय कधी? शिडीसारखा तो सांगाडा मुळात हायलक्सच्या घराण्यातला. हायलक्सला मागे पाटे, फॉर्च्युनरला स्प्रिंगा. हौद्याच्या जागी तिसरी सीट, वर क्रोम, की झाला टेम्पोवाल्याचा साहेब. आता तोच वॉचमन सलाम ठोकतो! आणि ही दोन्ही भावंडं जोडली जातात कुठे? डेट्रॉइटला नव्हे, आपल्या बिडदीला, म्हैसूर रस्त्यावर, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि लोखंडी नांगर करून शेतकऱ्याला विकले. त्या घराण्याचं नाव आज फॉर्च्युनरच्या जन्मदाखल्यावर आहे. रविवारी सकाळी निम्मं बंगळूर तट्टे इडली खायला बिडदीला निघतं, ते हीच गाडी घेऊन. दोन इडल्यांसाठी दोन टनांचं धूड! निदान गाडीचं माहेरपण तरी होतं म्हणायचं.

पुणेकरांनी हसू नये. टाटांनी तुमच्याच पुण्यात १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पीकअप काढली, आणि तिच्याच हाडांवर १९९१ ची सिएरा उभी केली, मग इस्टेट, मग सुमो. आपल्यापैकी निम्म्यांची वऱ्हाडं सुमोतून गेली ना? मग हौद्यातूनच गेली की!

आता विचारा या मंडळींना, "अहो, एवढी थोरली गाडी कशाला?" पहिलं उत्तर तयार: खड्डे. बरं, खड्ड्यात पडायला गाडी आधी हलायला नको? टॉमटॉम कंपनीच्या २०२२ च्या वाहतूक मोजणीत बंगळूरच्या मध्यभागी १० किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. फोर-बाय-फोर, लो रेंज, कड्यावर चढायचे सगळे मोड, आणि सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास पहिला गिअर! नाल्यातून पाणी तुडवत जाण्यासाठी बसवलेलं ते स्नॉर्केल नावाचं धुराडं शेजारच्या बीएमटीसी बसचा धूर पीत उभं.

दुसरं उत्तर: पूर. इथे मात्र जीभ चावावी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडचा तलाव झाला, कोट्यवधींच्या बंगल्यांच्या वसाहतींमध्ये जर्मन गाड्या बुडाल्या आणि आयटीवाले गळ्यात ओळखपत्र अडकवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून ऑफिसला गेले. हौद्याची खरी गरज पडली त्या एका आठवड्यात हौदा होता कोणाकडे? ट्रॅक्टरवाल्याकडे! नांगरवाले किर्लोस्कर गालात हसले असतील.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं, "उंचावरून बरं दिसतं हो." चौथ्या मजल्यावरच्या काकांचंच घ्या. वर्षानुवर्षं वॅगन आर. थार घेणाऱ्या पोरांना जिन्यात गाठून संस्कारांवर व्याख्यान देणारे हेच. परवा गपचूप स्कॉर्पिओ-एन घेऊन आले. कारण? गुडघे! म्हणे, खाली वाकावं लागत नाही. खरंय, वाकावं लागत नाही, आता चढावं लागतं. काकूंसाठी दाराखाली पायरी बसवली, पायरीपर्यंत पाय पोचेना म्हणून मागे एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, आणि स्टूल आत घ्यायला नातू सोबत नेतात. पण स्टिअरिंगमागचे काका पाहिलेत? रिक्षावाल्याला "आधी तुम्ही" म्हणणारे काका आता भर दुपारी डिपर मारतात! आवाजसुद्धा खर्जात गेलाय.

आणि एकदा काकांनी घेतली, की समोरच्या फ्लॅटमधले कसे मागे राहतील? त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आरशात ती भिंत दिसायला लागली की छोट्या गाडीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतोच. त्याची भीती त्याला मोठी गाडी घ्यायला लावते, आणि त्याला पाहून तिसऱ्याच्या पोटात गोळा. अमेरिकेत हेच झालं. तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला, की ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच, त्यांनी पायी जाणाऱ्याला धडक दिली तर तो मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. पायी चालणाऱ्याने मात्र उंच व्हायचं कसं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

पैशांचं तर बोलूच नका. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला रोड टॅक्स १८ टक्के, वर सेस. फॉर्च्युनरवर सहा-सात लाख तरी नुसते तिथेच जातात. आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस व्यंकोजीराजांनी हे अख्खं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना ३ लाखांना विकायचं ठरवलं होतं, असं इतिहास सांगतो. किल्ला, पेठा, तळी धरून! आज तेवढ्यात आरटीओ अर्धी पावती फाडेल.

तरी थांबतंय का कोणी? २०२४-२५ मध्ये देशात विकलेल्या दर १०० प्रवासी गाड्यांत ६५ या 'युटिलिटी' जातीच्या. ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापनेचा दिवस: नाशिकच्या थार रॉक्सचं बुकिंग सकाळी उघडलं आणि पहिल्या तासाभरात १,७६,२१८ जणांनी पैसे भरले. त्या सकाळी आपण सगळे तर नाकं मुरडत बसलो होतो ना? मग ही पावणेदोन लाख माणसं आली कुठून? त्यांत तुमचं नाव असेल तर सांगून टाका, इथे कोणी हसणार नाही. फक्त काळा रंग मिळाला की नाही आणि गाडी हातात यायला किती महिने लागले, तेवढं जरा खासगीत कळवा.