एका मार्काचे 46 हजार

आमच्या गावात कुणाला मोबाईल घ्यायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. तासभर माझं ऐकतो, चहा पितो आणि मग त्याला घ्यायचा असतो तोच घेतो. तरी ही प्रथा मला सन्मानाची वाटते. मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे गिगाहर्ट्‌झ आणि मेगापिक्सेल हे शब्द माझ्या तोंडून निघाले की समोरचा माणूस वजाबाकीच्या भीतीने आपोआप गप्प बसतो.

माझा सिद्धांत जुना आहे. लाखाचा फोन जे करतो ते सगळं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातला फोन करतो, बाकीचे पैसे सफरचंदाच्या नाहीतर आकाशगंगेच्या नावाचे. 2014च्या डिसेंबरात वनप्लस वन भारतात आला, 21,999 रुपयांना. तो विकत घ्यायलाही निमंत्रण लागायचं, आणि ते कुणाकडे जास्तीचं आहे का, म्हणून मी आमच्या जिल्ह्याच्या गावी, बुऱ्हाणपूरभर विचारत हिंडलो होतो. लोकांना वाटलं मास्तर लग्नाचं बोलतायत. दोघा-तिघांनी पत्रिका दिल्यादेखील. पुढे 2018च्या ऑगस्टात पोको एफ-वन आला, 20,999ला. आत स्नॅपड्रॅगन 845, म्हणजे त्या साली दुप्पट-तिप्पट किमतीच्या फोनांत होता तोच प्रोसेसर. त्या दिवशी वर्गात मी गुणोत्तर-प्रमाण शिकवायचं सोडून पोको शिकवला.

मग दिवस फिरले. एप्रिल 2020पासून मोबाईलवरचा जीएसटी 12वरून 18 टक्क्यांवर गेला. आणि ज्या कंपन्या ‘आम्ही फ्लॅगशिपचा, म्हणजे बड्या फोनाचा, मुडदा पाडतो’ म्हणत आल्या, त्या स्वतःच महाग फोन काढून माडीवर जाऊन बसल्या. त्यांच्या जागी आता तीस ते पंचेचाळीस हजारांच्या मधला एक नवा वर्ग उगवलाय. इंग्रजीत त्याला अप्पर मिड-रेंज म्हणतात. मी उच्च मध्यमवर्गीय फोन म्हणतो, कारण लक्षणं तीच. पाहुण्यांना दिसतो तो हॉल झकास, मोरीचा नळ मात्र गळका. पडदा 120 हर्ट्‌झचा, मुख्य कॅमेरा 50 मेगापिक्सेलचा, चार्जर 80 वॉटचा. हे सगळं दारातच मांडलेलं. आत गेलं की शेजारी 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बसलेला असतो, तो निव्वळ पाठीमागे भोकांची संख्या भरायला. दूरचं जवळ आणणारं टेलिफोटो भिंग नाही. चार्जिंगचं भोक नव्या आकाराचं, पण आतली यूएसबी 2.0, म्हणजे 2000 सालची.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी तो घेतला, कारण पुण्याचे साडूभाऊ चैत्रात आमच्या गावच्या इच्छादेवीच्या यात्रेला येणार होते आणि त्यांनी 1,29,999 रुपयांचा फोन घेतला होता. हप्त्यावर. हप्त्यावर हे ते सांगत नाहीत, बायको सांगते.

खरेदीपूर्वी मी फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले आणि दोन्ही फोनांची वार्षिक परीक्षा घेतली. प्रोसेसर 25 गुण, कॅमेरा 25, बॅटरी 20, पडदा 15, इज्जत 15. प्रोसेसरला मार्क देताना घाम फुटला. स्नॅपड्रॅगनच्या घराण्यात आठवी मालिका थोरली, सातवी धाकटी. इथवर ठीक. पण नावापुढे ‘प्लस’ लागला की गडी वर चढतो आणि ‘एस’ लागला की खाली उतरतो. म्हणजे माझ्या फोनातला ‘आठ-एस’ हा आठवा नव्हे, सातवाही नव्हे. साडेसात धरा. ही साडेसाती मी आपल्या पैशाने घरी आणली. शिवाय अंतुतू नावाची एक चाचणी असते, तिच्यात फोनाला लाखांत गुण पडतात. रात्री मी पुटपुटत होतो, ‘अंतुतू पंधरा लाख, अंतुतू पंधरा लाख’, तर बायको झोपेतून उठून म्हणाली, “अहो, कुणाचं बाळ?”

निकाल असा लागला: साडूंचा फोन 93, माझा 91. किंमत माझ्या फोनाची 37,999. फरक 92 हजारांचा, मार्क दोन. म्हणजे साडूभाऊंनी एकेका मार्काला 46 हजार मोजले होते. हा हिशेब मी शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर मांडला. मुख्याध्यापकांनी तो दोन दिवस पुसू दिला नाही. ते मात्र खडू वाचवण्यासाठी, असं नंतर कळलं.

बुऱ्हाणपूरच्या दुकानदाराने फोन डबीतून असा उचलला की जणू मुमताजमहलचा दागिना किल्ल्यात सापडलाय. “सर, सवा लाखवाला जो करता है, ये भी वही करता है. बस, थोड़ा शरमा के करता है.” पाठीवर हिरवट रंगाचं काहीतरी मऊ होतं. विचारलं तर म्हणाला, व्हेगन लेदर. घरी मी ते अभिमानाने सांगितलं. आईने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, “रेक्झिन आहे की.” खरं सांगायचं तर आईचं बरोबर आहे, ते प्लास्टिकच असतं. पण 37,999 मोजल्यावर माणसाने रेक्झिन म्हणू नये.

त्या व्हेगन लेदरवर पहिला हल्ला व्हेगनच झाला. इथे केळी हे पीक नाही, तो श्वास आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्याचं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणजे केळीच. रविवारी शेतात घड कापायला माणूस कमी पडला म्हणून चुलतभावाने मला उभं केलं. घडाचा दांडा कापला की चीक गळतो. पाण्यासारखा दिसतो, म्हणून शहरातली माणसं फसतात. वाळला की काळा-तपकिरी होतो आणि मग साबण, रॉकेल, देव, कुणालाच दाद देत नाही. आमच्याकडे केळीच्या कामाचे कपडे वेगळेच असतात. फोनाला मात्र कामाचे कपडे नव्हते. फोन वाजला, मी चिकाच्या हाताने काढला, तोवर वाजून थांबला. पडद्याखालचा अंगठ्याचा सेन्सर म्हणाला, ओळखत नाही. पुन्हा टेकवला, पुन्हा ओळखत नाही. तो उजेड टाकून बोटावरच्या रेषा बघतो, आणि माझ्या रेषा चिकाने लिंपल्या होत्या. तेवढ्यात तो पुन्हा वाजला, मी नाकाने उचलायचा प्रयत्न केला. फोन उचलला गेला नाही, व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे साडूभाऊ होते. त्यांनी माझं नाक संपूर्ण पडदाभर, 120 हर्ट्‌झच्या सफाईने पाहिलं.

पाठीवर त्या दिवशी उमटलेली पाच बोटं आजही आहेत. चोरीला गेला तर ओळख पटेल, असं मी म्हणतो.

आता यात्रेचं. चैत्रातली दुपार आणि देवीच्या टेकडीच्या पायऱ्या, हे समीकरण इथल्या माणसाला माहीत असतं. म्हणून इथला माणूस पहाटे जातो. साडूभाऊ पुण्याचे, साडेअकराला निघाले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खालीच दुकानांपाशी सावलीत बसल्या. “तुम्ही या जाऊन, मी इथूनच हात जोडते.” त्या वाक्यातली तत्परता तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती.

वर पोचेपर्यंत माझा फोन इस्त्री झाला होता. पडद्याचा उजेड आपोआप मंदावला, मग कॅमेरा उघडल्यावर सूचना आली की फोन गरम झालाय, थोडं थांबा. साडू हसले. मी त्यांचा हात धरून त्यांच्याही पडद्याकडे बोट दाखवलं, तोही अंधारला होता. ॲपल काय, सॅमसंग काय, फोन वापरायला योग्य हवा म्हणून 0 ते 35 अंश लिहून देतात. खानदेश-निमाडच्या सीमेवर चैत्रातली दुपार 35ला कुठली थांबायला! लाखाचा असो की हजाराचा, उन्हात दोन्ही फोन सारखेच मान टाकतात. त्यांचा जरा उशिरा टाकतो आणि लवकर उचलतो. उष्णता पसरवायला आत चांगली तजवीज असते, पैसे त्याचेही असतात. हे मी मोठ्या मनाने मान्य केलं. मार्क मात्र दिले नाहीत, कारण रकानाच नव्हता.

सावलीत फोन निवल्यावर झूमची स्पर्धा लागली. विषय साडूंनीच निवडला: खाली बसलेल्या सासूबाई. त्यांनी दहापट झूम केला. माझ्या फोनात वीसपट लिहिलेलं होतं, म्हणून मी वीसपट केला. माझ्या पडद्यावर एक जांभळा ठिपका आला आणि त्याच्या मध्यभागी दुसरा तपकिरी ठिपका. टेलिफोटो भिंग नसलं की फोन मधलाच तुकडा कापून ताणतो, आणि ताणून उरलेली जागा कल्पनेने भरतो. माझ्या फोनाची कल्पनाशक्ती थोर असावी, कारण सासूबाईंच्या जागी त्याने जवळजवळ झेंडूचं फूल काढलं होतं.

साडूंच्या पडद्यावर सासूबाई लख्ख होत्या. पदराची किनार दिसत होती, चष्म्याची दोरी दिसत होती आणि उजव्या हातातली बुऱ्हाणपूरची मावा जिलेबीही दिसत होती. काळपट, पाकाने चमकणारी. सासूबाईंना साखरेचा आजार. गोळ्या चालू, गोड बंद, हा थोरल्या मुलीचा हुकूम. साडूंनी भाबडेपणाने फोन आपल्या बायकोपुढे धरला. “बघ, काय क्लॅरिटी आहे!”

खाली उतरल्यावर जे झालं त्याचं वर्णन करत नाही. सासूबाईंनी आधी नाही म्हटलं, मग “प्रसाद होता” म्हटलं, मग फोटो पाहिला. पुराव्यात पाकाचा थेंबही आला होता. मग त्यांनी माझा फोन मागितला, झेंडूचं फूल बराच वेळ निरखलं आणि सर्वांसमक्ष निकाल दिला, “जावईबापू, फोन घ्यावा तर असा. माणसाचं नको ते बघत नाही.” साडूभाऊंना त्या दिवशी पुरणपोळीवर तूप जरा कमी पडलं. मी तूप मागूनही घेतलं नाही, न मागता आलं.

परतीच्या वाटेवर साडूंनी सूड म्हणून फोन पाण्याच्या माठात बुडवून दाखवला आणि मलाही डिवचलं. इथे गणित कामी आलं. खोक्यावर ‘आयपी’ म्हणून जे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा पाण्याचा. 8 असेल तर बुडी, 4 असेल तर नुसते शिंतोडे, आणि तेही साध्या, गोड्या पाण्याचे. माझा 4. मी दोन थेंब शिंपडून नमस्कार केला.

माझ्या 91 मार्कांना खरा सुरुंग लागला तो वेगळ्याच कारणाने, आणि ते पुण्याच्या माणसाला समजणारही नाही. इंदूर-इच्छापूर रस्त्याचं नाव जिथे संपतं तिथलं आमचं गाव. पुढे लगेच महाराष्ट्र, मुक्ताईनगर. टेलिफोनवाल्यांच्या नकाशात मध्य प्रदेश-छत्तीसगड हे एक परिमंडळ, महाराष्ट्र-गोवा दुसरं. आमच्या घरात उत्तरेच्या खोलीत भोपाळचा टॉवर, दक्षिणेच्या खोलीत मुंबईकडचा. पूर्वी ओसरीवरून मोरीत गेलं की रोमिंग लागायचं. आता ते पैसे गेले, पण फोनाची घालमेल गेली नाही. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवर शोधण्यात जास्त बॅटरी जाळतो. माझा नवा फोन दिवसभर राज्याराज्यांत चकरा मारून संध्याकाळपर्यंत निजायचा. बँकेचा ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. बायकोचा तीन वर्षांपूर्वीचा साधा फोन मात्र एका टॉवरला चिकटून शांत बसलेला. नेटवर्क पकडणारा मोडेम नावाचा भाग प्रत्येक फोनात असतो, आणि माझ्या फुलस्केपवर त्याचं नावही नव्हतं. इज्जतीला 15 गुण होते.

साडूभाऊ गेल्यावर मी नवा कागद घेतला. नेटवर्क 30, ऊन 20, चिकाचे हात 10, अपडेट किती वर्षं 15, कॅमेरा 15, सासूबाई 10. अपडेटच्या ओळीपाशी पुन्हा गणित जमलं. माझ्या कंपनीचं वचन 4 वर्षांचं, त्यांच्याचं 7 वर्षांचं. वर्षाला माझे साडेनऊ हजार, त्यांचे साडेअठरा हजार. म्हणजे वाटून घेतलं तरी माझा फोन अर्ध्यात पडतो. हे मी त्यांना लगेच पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून यायचं आहे. नेटवर्कचाही दोष असू शकतो.

तर माझा निकाल: फोटो टेकडीवरून काढायचे नसतील, फोन माठात बुडवायचा नसेल आणि घर दोन राज्यांच्या मध्ये नसेल, तर चाळीस हजारांच्या आतला उच्च मध्यमवर्गीय फोन घ्या, लाखाची गरज नाही. झूम हवाच असेल तर गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप दिवाळीच्या सेलमध्ये उतरतो, तो बघा. दुकानात मात्र दुपारी बारा ते तीनच्या मध्ये जा. एसीतून बाहेर येऊन उन्हात उभे राहा, पडदा दिसतो का बघा, बोट ओलं करून लावून बघा, आणि आपल्या घरात ज्या कोपऱ्यात रेंज येत नाही त्या कोपऱ्यात शेजाऱ्याकडचा तोच फोन एक दिवस ठेवून बघा. दुकानदार चिडला तर माझं नाव सांगू नका. त्याचे माझ्याकडे टेम्पर्ड ग्लासचे दीडशे रुपये उधार आहेत.