बावीस इंच तार आणि सासूबाई

चार माणसं आपापसांत काय बोलताहेत हे ऐकण्याची हौस माणसाला उपजतच असते आणि पुण्यातल्या वाड्यात ती फुकटात भागायची. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यावर तिची फार आबाळ झाली. इथली घरं सुटी-सुटी, भिंतींत काचतंतूची लोकर ठासलेली, खिडक्यांना दुहेरी काचा. शेजारचं जोडपं भांडतंय हे आपल्याला कळतं ते थेट दारात 'घर विकणे आहे'ची पाटी लागल्यावर. अशा मुलखात माणसाने करावं तरी काय? मी एका गराज सेलमधून जुना, हातात धरायचा बेअरकॅट स्कॅनर उचलला.

स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा, कधीही न बोलणारा रेडिओ. हा गुण आमच्या घराण्यात त्याच्याआधी कुणात दिसला नव्हता. विमानं, अग्निशामक दल, पोलीस, रेल्वे, हवामान खातं अशा सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी तो भराभर चाचपत जातो आणि कुणी तोंड उघडलं की तिथे थबकतो. आपल्याकडे असलं यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. न्यू जर्सीत घरी बसून ऐकायला हरकत नाही. फक्त मोबाइल फोनचे जुने पट्टे त्यातून मुद्दाम वगळलेले असतात. १९९४ पासून इथे विकल्या जाणाऱ्या स्कॅनरना तसा नियमच आहे. अलीकडे बऱ्याच गावांतले पोलीसही बोलणं सांकेतिक करून पाठवतात. म्हणजे खरा मसाला आधीच काढून घेतलेला. उरली विमानं.

नेवार्कचा विमानतळ आमच्यापासून तासाभराच्याही आतला. वारा ईशान्येचा असला की तिथे उतरणारी विमानं आमच्याच बाजूने जातात. स्कॅनरच्या डोक्यावर 'रबर डक' नावाची वीतभर काळी शेंडी होती. तिच्या जोरावर नेवार्क टॉवरच्या ११८.३ मेगाहर्ट्झवर वैमानिक स्वच्छ ऐकू यायचे, टॉवर मात्र मुका. बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा माझ्या वाट्याला जे येतं, तेच इथे. 'हो', 'पुन्हा सांगा', 'नाही, आम्हाला तो दिसत नाही' एवढं ऐकायचं आणि पलीकडचा काय म्हणाला असेल या विचाराने तळमळायचं. कारण अगदी साधं. या लहरी सरळ रेषेत जातात. पस्तीस हजार फुटांवरचं विमान दोनशे मैलांवरूनही ऐकू येतं, कारण त्याच्या आणि आपल्या मध्ये नुसती हवा. जमिनीवरचा टॉवर त्या मानाने हाकेच्या अंतरावर, पण मध्ये झाडं, गोदामं, दोन मॉल आणि वर पृथ्वीचा स्वतःचा फुगवटा.

आमच्या ऑफिसात एक सद्गृहस्थ आहेत. कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच : महागातलं घ्या. त्यांनी मला कित्येकशे डॉलरचा डिजिटल स्कॅनर सुचवला. स्वतः त्यांनी तो घेतला होता, वर सिग्नल वाढवणारा अँप्लिफायरही लावला होता. परिणाम असा झाला की एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून ओसंडणारी एफएम स्टेशनं त्या अँप्लिफायरने आणखी फुगवून आत घेतली, स्कॅनर बिचारा गुदमरला आणि वैमानिकांच्या तोंडून त्यांना गाद्यांच्या जाहिराती ऐकू येऊ लागल्या. मग ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर घ्या, तोही महागातला. माझं मत तेव्हाच पक्कं झालं. रेडिओत पैसे ओतणारा माणूस आणि बहिऱ्याला व्याकरण शिकवणारा माणूस यांत फारसा फरक नाही. आधी कान द्या. रेडिओचा कान म्हणजे अँटेना, आणि त्या कानाला सगळ्यात मानवते ती उंची.

बायकोचा या साऱ्याला विरोध होता असं नाही; ती फक्त 'हं' म्हणायची. मी तिला एडविन आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. प्रत्येक स्कॅनरच्या पोटात जी सुपरहेटरोडाइन रचना असते, ती या गृहस्थाने १९१८ मध्ये काढली, पुढे एफएमही त्याचंच. १९२३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याने बायकोला भेट काय दिली, तर स्वतः बनवलेला, सोबत नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ!

"त्याने बायकोला दिला," ती म्हणाली. "तू स्वतःला आणलास."

पुढचा मुद्दा खरखरीचा. न्यू जर्सीत खरखरीला हसू नये, कारण या राज्याने तिच्यावर नोबेल मिळवलं आहे. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या होल्मडेलला बेल लॅब्जची एक भलीमोठी कर्ण्याच्या आकाराची अँटेना होती. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन तिच्याशी झटत होते. जिकडे तोंड फिरवावं तिकडून एकसारखी खरखर. कर्ण्यात पारव्यांची जोडी राहायला आली होती, तिच्या विष्ठेवर संशय गेला. शास्त्रज्ञच ते, विष्ठेला त्यांनी 'पांढरा विद्युतरोधक पदार्थ' असं गोंडस नाव दिलं, कर्णा घासूनपुसून काढला आणि पारव्यांना टपालाने लांब पाठवून दिलं. पारवे परत आले. खरखर तर गेलीच नव्हती. ती निघाली विश्वाच्या जन्मवेळची उरलीसुरली ऊब, आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल. पारव्यांना काही नाही.

आमच्या घरातली खरखर इतकी जुनी नव्हती. हातात स्कॅनर घेऊन मी खोल्या फिरलो. दिवाणखान्यात सौम्य, जिन्यात नाहीशी, आणि देवघराशी आल्यावर असा कल्ला की गजाननाने कान मिटून घ्यावेत. देवाभोवती सोडलेली एलईडीची माळ आणि तिचा स्वस्तातला अडॅप्टर! हे अडॅप्टर आत सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात आणि त्या खटपटीचा धुरळा रेडिओच्या पट्ट्यांत उडवतात. माळ सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली, त्यामुळे काढून टाकणं हा विषयच नव्हता. अडॅप्टरच्या वायरीला फेराइटचा एक काळा मणी अडकवला. देवापाशी आणखी एक मणी आलेला कुणाला खटकला नाही, कल्लाही पुष्कळ निवला.

आता अँटेना. तिचं सामान म्हणजे एक चौकोनी पितळी सॉकेट, त्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, आणि धोब्याकडून कपड्यांबरोबर येणारे तारेचे हँगर. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. त्याच्या मधल्या लहरीचा पाव हिस्सा म्हणजे बावीस इंच. तेवढे पाच तुकडे पक्कडीने सरळ करायचे. हे लिहायला सोपं आहे. हँगरच्या तारेला जन्मभर खांद्यांची सवय, ती सरळ व्हायला तयार नसते. शिवाय तिच्यावर लाखेचा पातळ थर असतो. तो पॉलिश पेपरने खरवडला नाही तर डाग धरत नाही, शिसं नुसतं गोळी होऊन टेबलावर पळतं. एक तुकडा मधोमध उभा डागायचा, उरलेले चार कोपऱ्यांना स्क्रूने आवळून खाली पंचेचाळीस अंशांत वाकवायचे. वाकवायचे कशाला? आडवे ठेवले तर अँटेनाचा रोध पस्तीस-छत्तीस ओहमच्या आसपास राहतो, वाकवले की पन्नासच्या जवळ येतो आणि स्कॅनरला तो रुचतो. सगळा खर्च दोन कप कॉफीचा. जेवणाच्या टेबलावर रोझिनचा वास मात्र दोन दिवस दरवळत होता आणि त्या दोन दिवसांतल्या आमटीविषयी मी बोलणार नाही.

केबलबद्दल एवढंच सांगतो की लोक तिथेच फसतात. शंभर फूट बारीक आरजी-५८ केबल टाकली तर दीडशे मेगाहर्ट्झच्या सुमाराला रुपयातले बारा आणे वाटेतच जिरतात. टीव्हीची साधी आरजी-६ घेतली तर आठ आण्यांहून जास्त हाती लागतात. ती पंचाहत्तर ओहमची, स्कॅनर पन्नासचा, म्हणून जाणते नाक मुरडतात. नुसतं ऐकायचं असेल तर त्या फरकाने काहीही बिघडत नाही.

अँटेना कुठे लावायची याचा निकाल मात्र आमच्या हातात नव्हता. तो एचओएच्या हातात. एचओए म्हणजे आपल्या सोसायटीची कमिटी, फक्त हिला वकील परवडतो. गवत किती इंच असावं हे ती ठरवते. १९९६ च्या केंद्रीय नियमामुळे टीव्हीच्या अँटेनाला आणि मीटरभराच्या आतल्या डिशला तिला अडवता येत नाही; स्कॅनरच्या अँटेनाला ते कवच नाही. याच राज्यात, अल्पाइनला, आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये उभारलेला मनोरा अजून ताठ उभा आहे. २००१ च्या सप्टेंबरात वर्ल्ड ट्रेड सेंटरबरोबर न्यूयॉर्कच्या टीव्हीच्या अँटेना गेल्या, तेव्हा काही वाहिन्यांनी त्याच्याच खांद्यावर आसरा घेतला होता. हे सगळं मी अध्यक्षीणबाईंना सांगितलं. त्या फार छान हसल्या आणि नाही म्हणाल्या.

म्हणून अँटेना गेली माळ्यावर. तिथे गणपतीचं मखर, कधी तरी भारतात न्यायच्या चार बॅगा आणि ज्यांच्यात काही ना काही आलं होतं असे असंख्य रिकामे खोके. मखराला चंदेरी कागद होता. लहरींच्या दृष्टीने ती भिंतच, म्हणून त्याचं तोंड नेवार्कच्या उलट दिशेला फिरवलं. छप्पर डांबरी कौलांचं, ते लहरींना फारसं नडत नाही. खाली येऊन स्कॅनर लावला आणि टॉवर बोलला! खरखरीआडून, पण बोलला. एका वैमानिकाला दटावत होता. मला भरून आलं.

सासूबाई आल्या त्या दिवशी या यंत्राने घरात पत मिळवली. बायको विमानतळावर निघायच्या तयारीत, मी अजून कानाला स्कॅनर लावून. एवढ्यात "एअर इंडिया... हेवी" असं स्पष्ट ऐकू आलं.

"आलं आईचं विमान!" बायको प्रथमच स्कॅनरजवळ धावली. "हेवी म्हणजे?"

अवजड विमानाने आपल्या नावापुढे हेवी म्हणायचं असतं, म्हणजे त्याच्यामागे उसळणाऱ्या हवेपासून मागचे सावध राहतात, हे मी समजावलं.

"छे," ती म्हणाली, "तिने भाजणी आणलेली दिसते."

सासूबाई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडता जोडता निवृत्त झालेल्या. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी हे सगळं नागपूर-कोल्हापूरच्या लायनींवरच्या वादळात ज्यांनी ऐकलं, त्यांना नेवार्क म्हणजे किस झाड की पत्ती. चहा घेता घेता त्यांनी स्कॅनर हाती घेतला तो कायमचाच. मला चार वेळा ऐकूनही न कळणारे आकडे त्या पहिल्या खेपेला टिपून घेत. एका वहीत विमान, वेळ, शेरा. शेऱ्यात 'उद्धट', 'झोपेत', 'बरा मुलगा आहे' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पण माळ्यावरच्या तुटक आवाजावर त्या नाराज होत्या.

"जावईबापू, लाइन खाली आहे तुमची. वर घ्या."

मी एचओएची कथा सांगितली. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "समोरच्यांनी झेंड्याचा खांब लावलाय, त्याला कसे नाही म्हणाले?"

म्हणणार कसे? घरावर अमेरिकेचा झेंडा लावायला एचओएला मनाई करता येत नाही, तसा २००५ चा कायदाच आहे. वेळेच्या नि जागेच्या रास्त अटी तेवढ्या घालता येतात. आम्ही झेंड्यासाठी अर्ज केला आणि तो हसतमुखाने मंजूर झाला. खांब वीस फुटी, पोकळ, फायबरग्लासचा. धातूचा नको, कारण धातूच्या नळीत अँटेना बहिरी होते आणि फायबरग्लासमधून लहरी बिनदिक्कत जातात. आत, अगदी शेंड्याजवळ, आमची बावीस इंची. चार तुकडे नळीत मावत नाहीत म्हणून तेवढ्याच लांबीचा दुसरा तुकडा खाली लोंबता सोडून दिला. विजेच्या भीतीने तांब्याची कांब जमिनीत ठोकली. त्या संध्याकाळी टॉवर आमच्या स्वयंपाकघरात बसून बोलल्यासारखा बोलला.

एकच अडचण निघाली. झेंडा रात्री वर ठेवायचा तर त्याच्यावर उजेड हवा, असा इथला संकेत. खांबाच्या टोकाला बसवायचा सौरदिवा आणला, तर त्याच्या एलईडीने अँटेनाच्या कानाशीच खरखर सुरू केली, देवघरापेक्षा वरचढ. दिवा काढला. मग राहिला एकच मार्ग : सूर्योदयाला झेंडा चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. नऊवारीवर स्वेटर, पायात माझे स्नीकर्स, आणि दोरी ओढताना कान आत लावलेल्या स्कॅनरकडे. कुत्रे फिरवणारी मंडळी थांबून छातीवर हात ठेवतात. कॉलनीच्या वार्तापत्रात त्यांचा फोटो आला. खाली अध्यक्षीणबाईंनी आमच्या कुटुंबाच्या राष्ट्रप्रेमाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या.

मागच्या आठवड्यात त्यांच्या इथल्या मुक्कामाची मुदत वाढवून घेण्यासाठी अर्ज भरायला बसलो. कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, 'नातवंडांच्या सहवासासाठी'. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"खरं ते लिहा, जावईबापू. संध्याकाळी झेंडा उतरवायला या घरात वेळेवर असतं कोण?"