सुट्टीवर आलेला युरोप

तो कुंभिवलीत आल्याची बातमी कुणी सांगावी लागत नाही. सावरोली-खारपाडा रस्त्याच्या कडेला एक तरणाबांड माणूस पाच मिनिटं नुसता उभा दिसला, की समजावं, जर्मनीवाला आला. कारखान्यांचे ट्रेलर सुसाट चाललेले असतात आणि हा त्यांच्या थांबण्याची वाट बघत असतो. तिकडे पायी माणसासाठी गाडी थांबते म्हणे. शेवटी शाळेतलं एखादं पोर त्याचं मनगट धरून त्याला पलीकडे नेतं.

खालापूर-कर्जतच्या गावागावांत आता असा एकेक नमुना निघू लागला आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे कळलं, तेव्हा याच्या वडिलांनी महडच्या वरदविनायकाला नारळ फोडला. खर्चाचा आकडा मागाहून आला. व्हिसासाठी वर्षाच्या पोटापाण्याचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवायचे. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. एक्सप्रेस-वेनंतर इकडे जमिनीला सोन्याचा भाव आला. गुंठे विकून कुणी बुलेट घेतली, कुणी फॉर्च्युनर. याच्या बापाने मास्टर्स घेतलं.

एवढा पैसा घातल्यावर पोराने युरोप बघायलाच हवा. त्याने नऊ देश पाहिलेत. कसे, ते फार खोलात विचारू नये. शेंगेनचे देश २९, त्यांना परवाना एकच आणि फ्लिक्सबसला रात्रीचं तिकीट स्वस्त. झोपही बसमध्येच झाली की हॉस्टेलचे पैसे वाचतात. त्यामुळे पॅरिसमधली त्याला सर्वांत नीट माहीत असलेली जागा म्हणजे बेर्सीचा बसतळ. लूव्ह्र मात्र पाहिलं, कारण युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना ते फुकट आहे.

"मोनालिसा कशी आहे रे?"

"लहान आहे." (७७ बाय ५३ सेंटिमीटर. ती त्याने पुढच्या माणसाच्या मोबाईलमध्ये पाहिली.)

बव्हेरियात वाल्खनझे नावाचं तळं आहे. तिथे डोंगरावरून वीजघरात उतरणारे जाडजूड पाइप बघायला लोक मुद्दाम जातात. हाही गेला आणि दिवसभर फोटो टाकत राहिला. ते वीजघर १९२४ सालचं. खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ पासून आहे, त्याचे पाइपही डोंगरावरूनच उतरतात आणि हा पाच वर्षं त्यांच्या पायथ्याशी कॉलेजला जात होता. तेव्हा त्याने मान वर करून पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.

सगळ्यात रंगतो तो रेल्वेवर. आमची कर्जत-खोपोली म्हणजे पंधराएक किलोमीटरची एकेरी लाईन. एक लोकल चुकली की वडापाव खात फलाटावर बसायचं. "तिकडच्या गाडीवर घड्याळ लावून घ्यावं," तो पारावर सांगत होता. तेवढ्यात त्याच्याच चुलतभावाने मोबाईलवर शोधून काढलं, की २०२४ साली जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या.

"आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरत नाहीत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. पोरगा खोटं बोलत नाही, हे मान्य करायला हवं.

"अन् रद्द झाली गाडी तर?" रेल्वेत हयात गेलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"ती मोजतच नाहीत."

"हां, म्हणजे रेल्वेच आहे," म्हातारा समाधानाने म्हणाला.

यंदा शेजारच्या हळदीत त्याने दहाच्या ठोक्याला घड्याळ दाखवलं. तिकडे रात्री दहानंतर आवाज नाही आणि रविवारी तर भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. नवरीच्या मामाने शांतपणे समजावलं, "बाबा, दहाचा कायदा आपल्याकडंपण २००० सालापासून आहे. पण आज हळद आहे." अकरा वाजता बेंजोवर सगळ्यात पुढे नाचत होता तो हाच.

मला विचाराल तर तो सांगतो त्या युरोपापेक्षा न सांगितलेला युरोप जास्त मोलाचा आहे. विद्यार्थ्याला तिथे वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. हा गोदामात रात्रपाळीला खोकी भरतो. कुंभिवलीच्या आसपास गोदामांना तोटा नाही, पण इथे ते काम कर म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. फ्लॅटमधला संडास धुण्याची पाळी त्याच्यावर दर चौथ्या आठवड्याला येते. परत केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट मिळतात, म्हणून रिकामी बाटली दिसली की त्याचा हात आपोआप पुढे होतो. हळदीच्या मांडवातही झाला. घरी जेवण झालं की उठतो, ताट मोरीवर नेतो आणि घासून पालथं घालतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आजीने डोळ्यांना पदर लावला: "काय हाल केले असतील गं पोराचे तिकडं!" आई मात्र काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने धाकट्यालाही ताट उचलायला लावलं.

शिमगा झाला की तो जाईल, एप्रिलात त्याचं उन्हाळी सत्र सुरू होतं. कुणाला तिकडच्या भाच्या-पुतण्याला काही धाडायचं असेल तर त्याच्याकडे सुकट द्या, घरच्यापुरती मासळी युरोपात नेता येते. तूप आणि पेढे देऊ नका, ते विमानतळावर काढून घेतात.