दोन हजार पाचशे फूट

भाच्याच्या बँडला गाणं टेपवर रेकॉर्ड करायचं होतं. मोबाइलवर नव्हे, लॅपटॉपवरही नव्हे. खरीखुरी तपकिरी पट्टी, दोन फिरती स्पुलं आणि मधे चुंबकाचं हेड. आमच्या पिढीनं हे प्रकरण आधी माळ्यावर टाकलं, मग भंगारवाल्याला दिलं. आता तेच भंगार ही पोरं तासाच्या भाड्यानं आणतात आणि वर आम्हालाच त्याचं महत्त्व समजावून सांगतात.

"टेपच्या आवाजात एक ऊब असते, मामा."

मे महिना, सीवूड्स, खाडीचं दमट वारं, शर्ट पाठीला चिकटलेला आणि या मुलाला ऊब कमी पडत होती. पण त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. डिजिटलमध्ये आवाजानं मर्यादा ओलांडली की तो तिथल्या तिथे करकरतो. टेप मात्र समजूतदार सासऱ्यासारखी चढलेला आवाज ऐकून घेते आणि त्याचे कोपरे गोल करून पुढे जाते.

स्टुडिओ म्हणजे सेक्टर ४२ मधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. शेजारी किराणा, वर क्लासेस. आत फोमच्या भिंती, एक सतरंजी, आणि काचेपलीकडे मशीन सांभाळणारे काका. उभा जन्म रेकॉर्डिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी कुणाशी एक शब्द न बोलता इअरबडला स्पिरिट लावलं आणि हेड पुसायला घेतलं. बड तपकिरी झाला, दुसरा घेतला. तो स्वच्छ निघेपर्यंत चौघं पोरं देवळात उभी राहावीत तशी गप्प उभी. या मुलांना मी इतकं शांत त्यांच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

"काका, ड्रम्स वेगळ्या ट्रॅकवर घेऊ या?"

"ट्रॅक दोनच. डावा आणि उजवा."

"मग आवाज कमीजास्त कसा करायचा?"

काकांनी ड्रमरला त्याच्या सगळ्या लवाजम्यासह भिंतीपर्यंत मागे सरकवलं आणि गायकाला माइकच्या पुढ्यात ओढलं. झालं मिक्सिंग.

काकांच्या दृष्टीनं यात नवल काहीच नव्हतं. ताडदेवचं फिल्म सेंटर असो की वांद्र्याचा मेहबूब, एकेकाळी हिंदी सिनेमाचं गाणं असंच व्हायचं. पन्नास-साठ वादक, कोरस आणि गायिका एकाच वेळी. गोव्याहून आलेली मंडळी स्टाफ नोटेशन वाचून वाजवणार, आपले प्रभाकर जोग व्हायोलिन घेऊन बसणार, आणि शेवटच्या ओळीत कुणाचा गज घसरला की सगळी वरात पुन्हा पहिल्या मात्रेवर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे याच जगातले बडे व्हायोलिनवादक. प्यारेलालजी त्यांच्याकडे शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) शिष्यानं गुरूंचं नाव थेट गाण्यातच घालून टाकलं. तो जमाना ज्यांनी पाहिला त्यांना चार पोरांचं काय कौतुक?

गंमत अशी की टेप जगात पसरली तीच मुळी लाइव्हच्या जाचातून सुटण्यासाठी. जर्मनीच्या एईजी कंपनीनं १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला. युद्धानंतर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकी सैनिकानं दोन यंत्रं सुटी करून घरी धाडली. ती बिंग क्रॉस्बीच्या कानावर पडली. हा गायक गोल्फचा शौकीन, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी रेडिओसमोर उभं राहायचा त्याला भयंकर कंटाळा. त्यानं १९४७ पासून कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्या कटकटीतून सुटायला क्रॉस्बीनं टेप धरली, त्याच कटकटीत पडायला आमची पोरं टेप धरत होती. आणि पैसे देऊन.

पोरांचा आदर्श मात्र बीटल्स. ११ फेब्रुवारी १९६३ ला त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली, तेही दोन ट्रॅकवर. त्या दिवशी लेननला सर्दी होती आणि शेवटच्या गाण्यात त्याचा घसा फाटला, तोच अमर झाला. हे वाचून आमच्या गायकानं आदल्या रात्री बर्फाचे दोन गोळे खाल्ले. घसा ठणठणीत राहिला, पोट बिघडलं.

टेप २५०० फूट. सेकंदाला पंधरा इंच या वेगानं तेहेतीस मिनिटांत संपते, आणि नव्या स्पुलाची किंमत ऐकून मी भाच्याला पुन्हा आकडा विचारला नाही. त्यामुळे पोरं जपून वाजवू लागली. फोन बाहेर ठेवले. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद. अखेर ऊब मिळाली.

पहिल्या टेकला उरणची लोकल गेली. ती आत ऐकू आली नाही असं चौघं म्हणाले, काकांनी नुसती मान हलवून स्पूल मागे घेतलं. मग बासवाला शेवटच्या कडव्यात चुकला आणि "हे नंतर दुरुस्त करू" असं म्हणाला. काकांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढून त्याला दाखवलं. टेपवरची दुरुस्ती ब्लेडनंच होते, पट्टी तिरकी कापून चिकटवायची. पण बासवाल्याला ते माहीत नसावं. त्यानंतर तो चुकला नाही.

आणि मग वीज गेली. सोसायटीचा जनरेटर धडधडला, काका म्हणाले "चला, घ्या," आणि त्या टेकला सगळं जुळून आलं. माझ्याही अंगावर काटा आला, आणि मी हे गाणं घरी तीन महिने भिंतीतून ऐकत होतो!

वीज आली. टेप लावली. गायकाला कुणीतरी भांग पाजली असावी असं गाणं आलं. सूर खाली, चाल जड.

काकांनी चष्मा पुसला. "मोटर जुनी. मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर पळते. आपली पन्नास हर्ट्‌झ. जनरेटरवर लोड नव्हता, तो पळाला असेल बावन्नवर. टेप भरताना जोरात गेली, आता हळू वाजतेय."

म्हणजे गाणं अर्ध्या स्वराहून थोडं कमी उतरलं होतं, आणि चार मिनिटांचं दहा सेकंदांनी लांबलं होतं. काकांनी विचारलं, "ठेवू की पुसू?" पट्टी थोडीच उरली होती, पैसे त्याहून थोडे. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गायक म्हणाला, असा आवाज आपला जन्मात लागणार नाही, ठेवा.

लोकांना तेच गाणं आवडलं. आता पंचाईत अशी की कार्यक्रमात ते जसंच्या तसं ऐकू यायला हवं. त्यामुळे दर वेळी गिटार आणि बास मोजून तेवढेच उतरवावे लागतात. परवा नेरुळच्या एका कॉलेजात दुसऱ्या बँडच्या मुलानं आदरानं विचारलं, "दादा, हे ट्यूनिंग कुठलं?"

भाचा गंभीरपणे म्हणाला, "सीवूड्स, डीजी सेट, नो लोड."

त्या मुलानं ते लिहून घेतलं.