एका सरकीतून आंतरराष्ट्रीय कायदा: नवशिक्यांसाठी

साहित्य: बीटी कपाशीच्या बिजवाईचे एक पाकीट (पक्क्या बिलासह), वाचायचा चष्मा, एक रिकामी दुपार. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या वडनेर भोलजीत तिन्ही मिळतात, त्यामुळे जिनिव्हाचे तिकीट काढू नये.

पायरी पहिली. पाकीट फोडा, एक सरकी तळहातावर घ्या आणि विचारा, ही कुणाची? जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेचा 1995 चा बौद्धिक संपदेचा करार सांगेल, नव्या वाणाच्या मालकाला संरक्षण द्या. 1992 चा जैवविविधता करार सांगेल, जनुकीय संपत्तीवर त्या-त्या देशाचा हक्क. अमेरिकेने यावर सही केली, मान्यता मात्र दिली नाही. रोमचा 2001 चा बियाणे करार शेतकऱ्याच्या हक्काचे बोलेल, पण सामायिक देवाणघेवाणीच्या त्याच्या मूळ यादीतल्या 64 पिकांत कापूस शोधू नका. सातबारा तलाठ्याकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे आणि बांधावरचे भांडण तिसरीकडे, हे ज्याने भोगले आहे त्याला हा धडा सोपा जाईल.

आपल्या 2001 च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याची, पेरण्याची, ब्रँडचे नाव न लावता विकण्याचीही मुभा दिली. मुभा उदार आहे. फक्त संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, हे कायद्याला कुणी सांगितले नाही.

पायरी दुसरी. या पसाऱ्याला विद्वान ‘विखंडन’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाच्या अभ्यासगटाने, फिनलंडच्या मार्टी कोस्केनिएमी यांच्या नेतृत्वाखाली, 2006 मध्ये त्यावर जाडजूड अहवाल पूर्ण केला. सार असे: घाबरू नका, करारांविषयीच्या व्हिएन्ना करारात हत्यारे आहेत. विशेष नियम सामान्यावर मात करतो, नंतरचा आधीच्यावर, आणि करार एकमेकांच्या उजेडात वाचावेत. (भारत व्हिएन्ना कराराचा पक्ष नाही. पण हे नियम रूढी म्हणून सगळेच मानतात, तेव्हा पुढे चला.)

त्याच वर्षी हत्यारांची परीक्षा झाली. अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिना यांनी जनुकबदल केलेल्या पिकांवरून युरोपविरुद्ध जिनिव्हात तक्रार केली होती. युरोपने जैवसुरक्षेचा कार्टाजेना करार पुढे केला. निवाडा मंडळ म्हणाले, व्यापार संघटनेचे सगळे सदस्य त्यात नाहीत, म्हणून तो विचारात घेणे आम्हाला बंधनकारक नाही. म्हणजे दोन करार एकत्र वाचायचे तर आधी सगळ्या देशांनी दोन्हींना मान्यता द्यायची. एवढ्यात आपली तूर निघून जाईल.

पायरी तिसरी, ही सावकाश करा. कापसाचा भाव का पडतो, असे विचारणाऱ्या ब्राझीलने 2002 मध्ये अमेरिकेच्या अनुदानांविरुद्ध दावा लावला आणि जिंकला. अमेरिकेने अनुदाने लगेच थांबवली असतील असे वाटणाऱ्याने पायरी पहिलीपासून पुन्हा सुरुवात करावी. 2010 पासून तिने ब्राझीललाच वर्षाला सुमारे 14.7 कोटी डॉलर द्यायला घेतले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवले. त्याच अनुदानांनी पोळलेल्या बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाडला त्यात भरपाईचा वाटा नव्हता; वडनेरच्या कास्तकाराचे नाव तर फायलीतच नव्हते. बेनव्हेनिस्टी आणि डाउन्स या अभ्यासकांनी 2007 मध्ये म्हटले, की हे तुकडे बलवान देशांच्या सोयीचे असतात. मला हे कोस्केनिएमींच्या धीरापेक्षा पटते: प्रत्येक दारात वकील उभा करण्याची ज्याची ऐपत, त्याला दारे जितकी जास्त तितकी बरी.

पायरी चौथी, अपील. जिनिव्हाचे अपिली मंडळ डिसेंबर 2019 पासून न्यायाधीशांअभावी बंद आहे. तुम्ही हरलात तर अपील दाखल करा. ते ऐकणारे कुणी नाही, म्हणून निकालही लागू होत नाही. नवशिक्यांना ही युक्ती फार आवडते. देशांनाही.

गृहपाठ. जून 2019 मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेने मंजुरी नसलेले तणनाशकरोधक बियाणे जाहीरपणे पेरले. गावात त्याला चोर बीटी म्हणतात. चोरी कुणाची झाली: कंपनीची, पर्यावरणाची की सरकारची? प्रत्येक उत्तरासाठी वेगळा करार वापरा. वेळ: मृग लागेपर्यंत.