आडवे, उभे आणि मामांना विचारा

दादांची पंच्याहत्तरी इंदापुरात करायची, कार्यालयात मोठा टीव्ही लावायचा आणि जेवणं होईपर्यंत त्यावर दादांचे फोटो फिरत ठेवायचे, असं घरच्यांनी ठरवलं. फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता टीव्ही पडला आडवा आणि आमच्या घरात फोटो काढतात उभे. उभा फोटो टीव्हीवर लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि दादा एखाद्या अरुंद बोळात अडकल्यासारखे दिसतात. म्हणून आडवे आडव्यात, उभे उभ्यात असे निवडायला बसलो. घरातल्या पाच फोनांवरचे मिळून साडेसहा हजार फोटो. ज्वारी निवडणं परवडलं. खडा निदान बोटाला लागतो.

तिसऱ्या रविवारी भाचा आला. तो बारामतीला इंजिनिअरिंगला आहे.

"मामा, हे काय हातानं करायचं काम आहे होय? दहा ओळींचा प्रोग्राम लिहितो. रुंदी उंचीपेक्षा जास्त असली की आडवा, नाहीतर उभा. संपलं."

मामींनी चहा टाकला, त्यानं प्रोग्राम लिहिला. चहा गाळून होईपर्यंत साडेसहा हजार फोटो जागेवर. मी त्याला आणखी दोन चकल्या वाढल्या. त्या परत घ्याव्यात असं पाचच मिनिटांनी वाटलं, कारण 'उभे' फोल्डर जवळजवळ रिकामं होतं.

'आडवे' उघडलं. पहिलाच फोटो बेलवाडीच्या रिंगणाचा. तुकोबांच्या पालखीतलं हे रिंगण आम्ही दरवर्षी बघायला जातो. घोडा धावायला लागला की हजार हात वर होतात आणि हजार फोन उभे होतात. आडव्या धावणाऱ्या घोड्याचं त्यामुळे कुणाच्या फोनात तोंड येतं, कुणाच्या शेपूट. आमच्याकडे शेपूट आहे. पण फोटो स्वच्छ उभा दिसत होता. मग तो आडव्यात कसा?

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं जे सांगितलं ते मला पटायला जंक्शनचा आधार घ्यावा लागला. बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव आहे. रेल्वे तिथं नाही, पण पाटी आहे आणि कंडक्टर पाटीप्रमाणे हाक देतो. फोटोचंही तसंच. फोन उभा धरा नाहीतर आडवा, बरेचसे फोन चित्र साठवतात ते आडवंच, चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच. सोबत एक आकडा लिहून ठेवतात. १ म्हणजे आहे तसं दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ९० अंश फिरवा, ८ म्हणजे तेवढंच उलट दिशेनं, ३ म्हणजे खालचं वर करा. फोटोसोबत अशी माहिती लिहून ठेवायचे नियम जपानी मंडळींनी १९९५ साली ठरवले. एकूण आकडे आठ, त्यातले चार आरशातल्यासारख्या उलट्या चित्रांसाठी. त्यांची आणि माझी गाठ अजून पडलेली नाही. फोटो पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम हा आकडा वाचून फोटो फिरवतो. भाच्याच्या प्रोग्रामनं पाटी वाचलीच नव्हती, नुसती जमीन मोजली होती.

त्यानं दुरुस्ती केली: आकडा ५ ते ८ असेल तर रुंदीला उंची समजायचं. आता रिंगण उभ्यात गेलं, काटेवाडीच्या मेंढ्यांचा फोटो आडव्यातच राहिला. मी चकल्या मनातल्या मनात पुन्हा मंजूर केल्या.

आणि दादांच्या लग्नाचा फोटो आला. जुना अल्बम पलंगावर ठेवून मीच वरून काढलेला. त्यात दादा घोड्यासकट भिंतीवर चढत होते.

हा दोष प्रोग्रामचा नाही, माझ्या फोनचाही नाही. फोन आडवा की उभा हे त्याला गुरुत्वाकर्षणावरून कळतं. तोच फोन पलंगावर तोंड खाली करून धरला की त्याच्या दृष्टीनं डावं-उजवं, वर-खाली सगळं सारखंच. मग तो अंदाजानं आकडा ठोकतो. आणि आपण वरून काय काय टिपतो! रांगोळी, पंगतीतलं ताट, सातबारा. रांगोळी चारी बाजूंनी चालते, ताटातलं मीठ कुठल्या बाजूला हे मामी सांगतात. सातबारा मात्र मान वाकडी करून वाचावा लागतो, आणि माझ्या अनुभवानं तो सरळ धरूनही फारसा समजत नाही.

शेवटचा घोळ भिगवणच्या रोहित पक्ष्यांनी घातला. उजनीचं पाणी निवांत, पक्षी वर आणि प्रतिबिंब खाली. त्यात हा पक्षी खातो चोच उलटी करून. नावेत बसताना मी फोन कसा धरला होता कोण जाणे, फोटोवर आकडा होता ३. तो फोटो सरळ आहे की उलटा, यावर घरात दोन तट पडले. दादा म्हणाले, "पाय मधे आलेत ना? मग झालं."

भाच्यानं शेवटी तिसरं फोल्डर केलं. चौकोनी फोटो, वरून काढलेले फोटो आणि रोहित पक्षी त्यात जातात. फोल्डरचं नाव 'मामांना विचारा'. पंच्याहत्तरी होऊन चार महिने झाले. त्यात सध्या ३१८ फोटो आहेत.